कर्णिका, अलिंद की हृत्कर्ण?

निपाणीहून एका काकांनी विचारलंय: नातीच्या कन्नड माध्यमाच्या पुस्तकात हृदयाच्या वरच्या कप्प्याला ‘हृत्कर्ण’ म्हटलंय, आम्ही शाळेत ‘कर्णिका’ शिकलो, कोल्हापूरच्या भाच्याच्या वहीत ‘अलिंद’ आहे. खरं कुठलं?

काका, चुकलं कुणीच नाही. हृत्कर्ण आणि कर्णिका, दोन्हींत कान आहे. लॅटिनमध्ये ऑरिक्युला म्हणजे छोटा कान. या कप्प्याला बाहेरून एक पिशवी लोंबते, कानाच्या पाळीसारखी. पूर्वी तिचंच नाव अख्ख्या कप्प्याला चालायचं. आता ऑरिकल म्हणजे तेवढी पिशवी, कप्पा तो एट्रियम. एट्रियम हा रोमन घरातला दर्शनी चौक आणि संस्कृतात अलिंद म्हणजे दारापुढची ओसरी, आपल्याकडचा सोपाच म्हणा ना. म्हणून माझं मत, कप्प्याला अलिंद म्हणावं आणि कर्णिका त्या पिशवीसाठी राखावी. (खालच्या कप्प्याला कन्नडात हृत्कुक्षि. कुक्षि म्हणजे आपली कूस!)

उजव्या अलिंदात आत डोकावलं तर घराचीच भाषा जास्त जुळते. मागची भिंत गुळगुळीत, तिथे वरून आणि खालून दोन महाशिरा शरीरभरचं रक्त आणून ओततात. पुढची भिंत खरबरीत, स्नायूंच्या ओळीच ओळी. त्यांचं इंग्रजी नाव पेक्टिनेट, आणि लॅटिन पेक्टेन म्हणजे फणी. त्यासाठी संस्कृतातला ‘कंकत’ कशाला शोधायचा? फणीस्नायू म्हणा की.

पण मला आवडतो तो दोन अलिंदांमधल्या पडद्यावरचा अंडाकार खळगा, फॉसा ओव्हॅलिस. पोटातल्या बाळाची फुप्फुसं श्वास घेत नसतात, म्हणून बरंचसं रक्त इथल्या वाटेने थेट उजवीकडून डावीकडे जातं. जन्मल्यावर ती वाट मिटते, खूण राहते. आमच्या शहापुरातल्या जुन्या घरात वाटण्या झाल्या तेव्हा मधलं दार पलीकडून विटांनी बुजवलं. आमच्या बाजूला उरला कोनाडा, त्यात आजीची पानाची चंची असायची. हा खळगा म्हणजे तसाच कोनाडा. सुमारे चार माणसांत एकाचं हे दार पुरतं चिकटत नाही, बारीक फट राहते. बहुतेकांना त्याचा त्रासही होत नाही.

नातीने मात्र पेपरात हृत्कर्णच लिहावं. तपासणाऱ्याला अलिंद ठाऊक नसलं तर मार्क जातील, आणि बोलणी मला बसतील.