पहिल्या तीन सेकंदांतून किती कळते?

प्रश्न : मी भूभौतिकीत एम.एस्सी. केले असून भूकंपाच्या पूर्वइशारा प्रणालीवर पीएच.डी. करू इच्छिते. प्राथमिक (सर्वांत आधी पोहोचणाऱ्या) लहरींच्या पहिल्या तीन सेकंदांच्या नोंदीवरून मशीन लर्निंगच्या साहाय्याने भूकंपाची महत्ता (मॅग्निट्यूड) ठरवणे, हा विषय मी योजला आहे. भूकंपाचे भाकीत करताच येत नाही, मग हा खटाटोप कशासाठी, असे परिचित विचारतात. कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : परिचितांची शंका भाकीत आणि पूर्वइशारा यांच्यातील फरक लक्षात न आल्याने निर्माण झाली आहे. पूर्वइशारा भूकंप सुरू झाल्यानंतरच दिला जातो. खडकांतून प्राथमिक लहरी सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर, तर अधिक हानी करणाऱ्या दुय्यम लहरी सुमारे ३.५ किलोमीटर वेगाने जातात आणि विजेच्या वेगाने जाणारा इशाऱ्याचा संदेश मात्र या दोहोंच्या कितीतरी पुढे धावतो. कॅलिफोर्नियातील हेवर्ड परिसरातील उपकरणांनी तारायंत्राद्वारे सॅन फ्रान्सिस्कोत घंटा वाजवावी, अशी कल्पना जे. डी. कूपर यांनी १८६८ मध्येच मांडली होती. नाभीपासून (भूकंप जिथे सुरू होतो त्या जागेपासून) १०० किलोमीटरवरच्या शहरात दुय्यम लहरी साधारण २८ सेकंदांनी पोहोचतात; नोंद, गणन आणि प्रसारण यांत ७ सेकंद गेले, तरी सुमारे २१ सेकंद हाती उरतात. मात्र तेवढ्या ७ सेकंदांत त्या लहरी २५ किलोमीटर पुढे आलेल्या असतात. म्हणजे ज्या भागात सर्वाधिक विध्वंस होण्याचा संभव असतो, तोच बहुधा इशाऱ्याविना राहतो. मेक्सिको सिटीला किनाऱ्यालगतच्या दूरच्या भूकंपांत मिनिटभराची उसंत मिळू शकते; १९ सप्टेंबर २०१७ च्या जवळच्या भूकंपात मात्र भोंगा आणि हादरे जवळजवळ एकदमच आले.

आता आपल्या विषयाविषयी. तीन सेकंदांत महत्ता ठरवता येईल, हे आपण गृहीत धरले आहे. माझ्या मते खरा संशोधनप्रश्न तिथेच आहे. महत्ता ७ च्या भूकंपात प्रस्तरभंगावरील विदारण (खडकांतील भेगेलगत फाटत जाण्याची क्रिया) साधारण २० सेकंद चालते. तिसऱ्या सेकंदाला ते अजून वाढत असते. मग त्याचा शेवट कुठे होणार, हे त्याच्या आरंभात लिहिलेले असते का? काही अंशी असते, असा निष्कर्ष २००५ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात मांडला गेला आणि त्यावर तीव्र मतभेद झाले. ११ मार्च २०११ रोजी जपानमधील ९.० महत्तेच्या भूकंपात पहिल्या इशाऱ्याच्या वेळचा अंदाज ७.२ होता आणि पुढील सुधारणांनंतरही तो ८.१ वर थांबला, त्यामुळे टोकियोच्या परिसरातील हादऱ्यांचा अंदाज कमी पडला. मोठ्या भूकंपाची अखेर होण्याआधी त्याचे मोजमाप करू पाहणाऱ्या पद्धतीची ही मर्यादा आहे. म्हणूनच २०१८ पासून जपानच्या हवामान संस्थेने जोडीला अशी पद्धत स्वीकारली, जी नाभी किंवा महत्ता न शोधता जवळच्या भूकंपमापन केंद्रांवर प्रत्यक्ष नोंदलेल्या हादऱ्यांवरूनच पुढच्या स्थळाचा अंदाज बांधते.

मशीन लर्निंग जरूर वापरावे, पण एक चूक कटाक्षाने टाळावी. एकाच भूकंपाच्या शेकडो केंद्रांवरील नोंदींपैकी काही शिकवणीच्या संचात आणि काही चाचणीच्या संचात गेल्या, तर प्रारूपाला (मॉडेलला) तो भूकंप आधीच ओळखीचा असतो आणि आकडे फसवे चांगले येतात. विभागणी नोंदींची नव्हे, भूकंपांची करावी. शिवाय मोठे भूकंप विरळ असल्याने सरासरी त्रुटी लहान भूकंपांच्याच बळावर कमी दिसते. सरासरीमागे लपलेल्या त्या मोजक्या मोठ्या भूकंपांचा स्वतंत्र हिशेब प्रबंधात असलाच पाहिजे, याविषयी माझा आग्रह आहे.

त्यामुळे विषय असा बदलून पाहावा : विशिष्ट स्थळी हादऱ्यांची ठरावीक मर्यादा ओलांडली जाईल की नाही, हे प्रत्येक सेकंदाला किती खात्रीने सांगता येते? मर्यादा खाली ठेवली तर वेळ अधिक मिळतो, पण अनावश्यक इशारेही वाढतात, आणि ही देवाणघेवाण रेल्वेसाठी वेगळी, रुग्णालयासाठी वेगळी असते. जपानच्या के-नेट आणि किक-नेट या भूकंपमापकांच्या जाळ्यांच्या नोंदी संशोधकांना उपलब्ध आहेत. नवे प्रारूप रचण्यापूर्वी त्यांतील एखादा मोठा भूकंप निवडून, पुढचे काही ठाऊक नाही असे मानून, जुनीच पद्धत त्यावर सेकंदासेकंदाने चालवून पाहावी. ती नेमकी कोणत्या सेकंदाला चुकते, ते टिपून मार्गदर्शकांकडे जावे.