कालिमांतानच्या गावात राहायला येतोयस ना, मग हे वाच

अरे भावा, पगार बघून येऊ नकोस, आधी गाव समजून घे. कालिमांतान म्हणजे बोर्निओ बेटाचा इंडोनेशियातला भाग, इथली बरीच गावं ट्रान्समिग्रासीची, म्हणजे सरकारने जावा-बालीतून माणसं आणून वसवलेली, एकेका कुटुंबाला साधारण 2 हेक्टर जमीन मिळाली आणि आता त्यातल्या पुष्कळ जमिनीवर तेलासाठी लावलेलं पाम आहे. पामचं झाड लावल्यावर तीनेक वर्षांनी फळ देतं, पंचवीस वर्षं चालतं, पण घड तोडला की 24 तासांच्या आत तेल काढणाऱ्या मिलला पोचायला हवा, आणि पावसात रस्त्याचा चिखल झाला की ट्रक तिथेच रुततो, मग शेतकऱ्याचा माल डोळ्यादेखत खराब होतो. 2022 ला एप्रिलअखेर सरकारने पामतेलाची निर्यात बंद केली, महिनाभरही नाही चालली ती बंदी, पण घडांचे भाव असे कोसळले की शेजारचे लोक तोडणीच थांबवून बसले होते, मला खरंच फार वाईट वाटलं.

पीटच्या, म्हणजे कुजलेल्या झाडपाल्याच्या दलदलीच्या जमिनीतलं पाणी चहासारखं लाल येतं, पावसाचं साठवलेलं वापर आणि उकळून पी. मच्छरदाणी घेऊनच ये.

आल्या आल्या एरतेच्या (RT), म्हणजे वस्तीप्रमुखाच्या घरी जाऊन नाव सांग, पासपोर्ट दाखव. नुसत्या नावाने कुणाला हाक मारू नकोस, पुरुषाच्या नावाआधी पाक आणि बाईच्या नावाआधी बू लाव. गोतोंग रोयोंग असेल, म्हणजे सगळे मिळून गटार, रस्ता साफ करतात, तेव्हा फावडं घेऊन जाच. भाषा पहिल्या महिन्यापासून शिकायला घे, तीन महिन्यांत बाजारहाट जमेल.