कोर्टाच्या आदेशात चूक राहिली? आधी ती कुठून आली ते शोधा

निकाल बाजूने लागला की घरात पेढे येतात आणि कागद कपाटात जातो. चूक कळते ती पुढे कधीतरी, तलाठ्याच्या टेबलावर नाहीतर बँकेच्या खिडकीवर. या वेळची पत्रं अशाच घरांतून आली आहेत.

प्रश्न (खानापूर तालुका, बेळगाव जिल्हा): वडिलोपार्जित जमिनीच्या वाटणीचा दावा आम्ही जिंकला. निकालपत्रात सर्व्हे नंबर ८४/२ आहे, पण अंतिम डिक्रीत (हुकूमनाम्यात) ४८/२ पडला आहे. तलाठी उताऱ्यावर नाव चढवत नाही. या गोष्टीला तीन वर्षं झाली. चुलते म्हणतात, मुदत संपली, आता नवा दावा टाकावा लागेल. खरं आहे का?

उत्तर: खरं नाही. नवा दावा लागत नाही आणि मुदतही संपलेली नाही. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या कलम १५२ प्रमाणे निकाल, डिक्री किंवा आदेशातली लेखनाची वा आकडेमोडीची चूक आणि नजरचुकीने राहून गेलेली गोष्ट कोर्ट केव्हाही दुरुस्त करू शकतं. त्यासाठी पक्षकाराने अर्ज करावा, नाहीतर कोर्ट स्वतःहूनही करू शकतं. ‘केव्हाही’ हा शब्द कायद्यातलाच आहे. तरी आणखी लांबवू नका. मधल्या काळात ती जमीन तिसऱ्याच कुणी विकत घेतली, तर प्रकरण गुंतागुंतीचं होतं.

पहिलं काम म्हणजे चूक नेमकी कुठे शिरली ते बघणं. नक्कल विभागातून मिळालेल्या प्रतीतच टायपिंगची चूक असेल आणि मूळ डिक्री बरोबर असेल, तर कोर्टापुढे अर्जाची गरजच नाही, दुरुस्त नक्कल मागा. मूळ डिक्रीतच ४८/२ असेल तरी तुमची बाजू भक्कम आहे. डिक्री निकालावरून कार्यालयात तयार होते आणि ती निकालाशी जुळलीच पाहिजे, असं संहितेच्या आदेश २० नियम ६ मध्ये सांगितलं आहे. अर्ज ज्या कोर्टाने डिक्री दिली तिथेच करायचा. वकील आय.ए. (अंतरिम अर्ज) दाखल करतील. सोबत शपथपत्र, निकालपत्र आणि डिक्रीच्या प्रमाणित नकला, दाव्याचं परिशिष्ट आणि चालू उतारा जोडा. कुठल्या पानावरच्या कुठल्या ओळीत काय आहे आणि त्या जागी काय हवं, एवढंच अर्जात लिहा. कुणी किती वर्षं जमीन कसली, हा इतिहास तिथे नको. चुलत्यांना नोटीस जाईल, रेकॉर्ड रूममधून फाईल मागवली जाईल. दुरुस्तीचा आदेश झाला की डिक्रीची नवी प्रमाणित नक्कल घेऊनच तहसीलला जा. तलाठ्याशी वाद घालून उपयोग नाही. डिक्रीतला आकडा बदलण्याचा अधिकार त्याला नाही, तहसीलदारालाही नाही आणि दरखास्त, म्हणजे डिक्रीची अंमलबजावणी, चालवणाऱ्या कोर्टालाही नाही.

८४ चा ४८ होण्यामागे आपल्या भागातलं एक कारण मी पुष्कळदा पाहिलं आहे. मराठीत आपण ‘चौऱ्याऐंशी’ म्हणतो, म्हणजे आधी चार आणि मग ऐंशी. कन्नडमध्ये आधी ऐंशी येतात आणि मग चार. मराठी पक्षकार तोंडी आकडा सांगतो, कन्नडमधून विचार करणारा माणूस तो उतरवून घेतो आणि आकडे उलटे पडतात. म्हणून सर्व्हे नंबर कधीही तोंडी सांगू नका. उतारा पुढे ठेवा.

चूक दाव्यातच असेल तर गोष्ट वेगळी. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एक विधवा बाई आल्या होत्या. १९५६ पूर्वीच्या, म्हणजे आपला भाग मुंबई राज्यात असतानाच्या, मोडी कागदावरून दाव्यात चतुःसीमा उतरवताना पूर्व आणि पश्चिम यांची अदलाबदल झाली होती. तीच पुढे निकालात आणि डिक्रीत गेली. कोर्टाने काहीच चुकवलं नव्हतं, आमच्याच बाजूची चूक होती. मग दावा आणि डिक्री दोन्हींची दुरुस्ती मागावी लागली. जमीन कोणती याबद्दल समोरच्याचा वाद नव्हता म्हणून ती मिळाली. तसा वाद असता तर कलम १५२ चा उपयोग झाला नसता.

प्रश्न (चिक्कोडी): माझे यजमान ३८ व्या वर्षी अपघातात गेले. भरपाईच्या आदेशात मिळकतीच्या नुकसानीचे १६,२०,००० आणि इतर बाबींचे १,२०,००० धरले आहेत, पण बेरीज १५,४०,००० लिहिली आहे. शिवाय आमचे वकील म्हणतात, गुणक (वयाप्रमाणे वार्षिक मिळकतीला ज्याने गुणतात तो आकडा) १५ ऐवजी १६ हवा होता. दोन्हींसाठी एकच अर्ज चालेल का?

उत्तर: ताई, बेरीज १७,४०,००० होते. दोन लाखांची ही चूक उघड आकडेमोडीची आहे. आदेश देणाऱ्या न्यायाधिकरणाकडेच दुरुस्तीचा अर्ज करा. गुणकाचं मात्र वकिलांना पुन्हा विचारा. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये ठरवलेल्या तक्त्यात ३६ ते ४० वयाला १५ हाच गुणक आहे, १६ हा ३१ ते ३५ साठी. गुणक खरोखर चुकला असता तरी तो दुरुस्तीच्या अर्जात बसला नसता. त्यासाठी ९० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करावं लागतं आणि आपल्याकडच्या प्रकरणांसाठी ते धारवाडच्या खंडपीठात. एक गोष्ट कृपा करून लक्षात ठेवा, दुरुस्तीचा अर्ज पडून आहे म्हणून अपिलाची मुदत थांबत नाही. वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. महिलांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. हेल्पलाईनचा नंबर १५१०० आहे.

प्रश्न (निपाणी): मालाच्या थकबाकीचा दावा मंजूर झाला, पण डिक्रीत व्याजाचा उल्लेखच नाही. लिहायचं राहून गेलं म्हणून अर्ज करू का?

उत्तर: आधी निकालपत्र शेवटपर्यंत वाचा. कारणमीमांसेत ‘वादी व्याजास पात्र आहे’ असं म्हटलं असेल आणि शेवटच्या आदेशात ते उतरलं नसेल, तर ती नजरचूक आहे, अर्ज करा. निकालपत्रात कुठेही व्याज नसेल तर अर्ज फेटाळला जाईल. डिक्रीनंतरच्या व्याजाबद्दल कलम ३४ स्पष्ट आहे, डिक्री गप्प असेल तर व्याज नाकारलं असंच धरलं जातं. मध्य प्रदेशातल्या एका ठेकेदाराला दावा चालू असतानाच्या काळाचं व्याज असंच मागाहून कलम १५२ खाली दिलं गेलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये ते चुकीचं ठरवलं. न्यायाधीशांच्या मनात काय होतं हे कागदावर दिसलं पाहिजे. तुम्हाला काय मिळायला हवं होतं, हा अपिलाचा विषय आहे.

प्रश्न (बेळगाव): वारसा प्रमाणपत्रात वडिलांचं नाव इंग्रजीत ‘ज’ ने सुरू होतं, पासबुकात ‘ड’ ने. नाव एकच, ज्ञानेश्वर. बँक पैसे देत नाही. शिवाय एक मुदत ठेव अर्जात घालायची राहिली.

उत्तर: कन्नड वळणाने ‘ज्ञ’ इंग्रजीत लिहिताना बहुधा ‘ज’ येतो, मराठी वळणाने ‘ड’. इथल्या किती ज्ञानेश्वरांना हा त्रास होतो! पासबुक, शाळेचा दाखला आणि मृत्यूचा दाखला जोडून त्याच कोर्टात नावाच्या दुरुस्तीचा अर्ज करा. मूळ अर्जातही ‘ज’ असेल तर त्याचीही दुरुस्ती मागा. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं शपथपत्र द्या आणि ‘उर्फ’ लावून दोन्ही रूपं प्रमाणपत्रात यावीत अशी विनंती करा. राहिलेली ठेव ही मात्र लेखनाची चूक नाही. त्यासाठी भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम ३७६ खाली प्रमाणपत्र वाढवून मागायचं असतं, म्हणजे अर्ज वेगळा.

प्रश्न (हुक्केरी): अपील होऊन गेलं आहे. चूक आता दिसली. कुठे जाऊ?

उत्तर: अपील गुणदोषांवर निकाली निघालं असेल तर सहसा अपिलाच्या कोर्टात, कारण खालची डिक्री वरच्या डिक्रीत विलीन होते. दाखल होतानाच आदेश ४१ नियम ११ खाली फेटाळलं असेल, तर कलम १५३-अ प्रमाणे मूळ कोर्टातच अर्ज चालतो. अपिलाच्या आदेशाची नक्कल आधी काढा. तिच्यावरूनच हे ठरेल.