गोळ्या जेलच्या गेटवरून परत आल्या तर पुढे काय

ताई, आधी एक करा. जेलमध्ये भावाला भेटायच्या पुढच्या मुलाखतीला गोळ्यांची पिशवी घेऊन जाऊ नका. त्याआधी कोर्टात अर्ज द्या. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल.

तुमच्या लिहिण्यावरून मला समजलं ते असं. भाऊ आठेक वर्षं स्किझोफ्रेनियाच्या उपचारावर आहे. गडग्याच्या, म्हणजे हद्दीच्या दगडी कुंपणाच्या, भांडणात चुलतभावाच्या हातावर कोयतीचा वार झाला. पोलीस कस्टडी संपली, एमसीआर म्हणजे न्यायालयीन कोठडी झाली आणि आता तो रत्नागिरीच्या विशेष कारागृहात आहे. तुम्ही नेलेल्या गोळ्या गेटवरून परत आल्या. वकील म्हणतात, वेडाचं सर्टिफिकेट काढू, सुटेल. आई म्हणते, धाकटीचं लग्न ठरायचंय, आजाराचं नाव काढू नका. काका म्हणतात, ही देवस्की आहे, देवाभुताची करणी, देवाला कौल लावा. मी बरीच वर्षं जिल्हा रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक होतो. जेलमधून पोलीस गार्ड घेऊन येणारे मनोविकाराचे पेशंट आमच्याच बाकावर बसायचे. त्या अनुभवावर लिहितोय. खटल्याचं मात्र वकिलालाच विचारा.

गोळ्या परत का आल्या? बहुतेक स्ट्रिप कापलेल्या असणार, चिठ्ठी जुनी असणार किंवा नसणारच. गेटवरच्या शिपायाने ती पुडी आत सोडली आणि काही झालं तर नोकरी त्याची जाते. शिवाय बराकीत गोळीला भाव असतो. झोपेची गोळी किंवा हातपाय आखडू नयेत म्हणून देतात ती पेसिटेनसारखी गोळी तंबाखूच्या बदल्यात फिरते. म्हणून आत औषध जेलच्या डॉक्टरमार्फत, समोर उभं करून, तोंड उघडायला लावून देतात. गेटवर भांडून काही हाती लागत नाही. औषध आत जायला हवं ते डॉक्टरच्या सहीने, आणि डॉक्टरला ते द्यायला भाग पाडणारा कागद कोर्टातून येतो.

तर कागद असे जमवा. उपचार करणाऱ्या डॉक्टरकडून नवीन चिठ्ठी घ्या. तिच्यावर आजाराचं नाव, प्रत्येक औषध, त्याचा डोस, वेळ, शेवटचं औषध कधी घेतलं आणि डॉक्टरचा नोंदणी क्रमांक असू द्या. जुनी फाइल, डिस्चार्ज कार्ड, रक्ताचे रिपोर्ट यांच्या झेरॉक्स काढा. एक संच वकिलाला, एक कारागृहाच्या अधीक्षकांच्या नावाने अर्ज जोडून आवक-जावक विभागात. त्या अर्जाच्या तुमच्याकडच्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका. उद्या कोणी म्हणालं की आम्हाला कल्पनाच नव्हती, तर तो शिक्का बोलतो. तोंडी सांगितलेलं ड्युटी बदलली की विरतं.

कोर्टातला अर्ज उपचारांसाठी निर्देश मिळावेत एवढ्यापुरताच असू द्या. त्यात औषधांची नावं लिहा. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ चा आधार घ्या. हा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. कलम ३१ प्रमाणे कारागृहातल्या सगळ्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना प्राथमिक आणि तातडीचा मानसिक उपचार करता येईल असं प्रशिक्षण देणं सरकारवर बंधनकारक आहे. कलम १०३ खास मानसिक आजार असलेल्या कैद्यांसाठी आहे. त्यात असं आहे की कारागृहाच्या डॉक्टरने दर तीन महिन्यांनी मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला, ज्याला सगळे बोर्ड म्हणतात त्याला, कारागृहात मानसिक आजाराचा कैदी नाही असा दाखला पाठवायचा. बोर्ड स्वतः कारागृहात येऊन विचारू शकतं की अमुक माणसाला उपचाराला का पाठवलं नाही. आता बघा, दाखलाच मुळात 'कोणी नाही' असा द्यायचा आहे. ज्याचा कागद फाइलला नाही तो या दाखल्यात सहज 'नाही' होतो. प्रत्येक राज्यात किमान एका कारागृहात मानसिक आरोग्य केंद्र असावं असंही त्याच कलमात आहे. किनाऱ्यावरच्या माणसाला त्या एका केंद्राचा उपयोग किती ते तुम्हीच ठरवा.

औषधाबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण इथे खरा धोका आहे. भाऊ क्लोझापीन या स्किझोफ्रेनियावरच्या औषधावर असेल आणि दोन दिवसांपेक्षा जास्त खंड पडला असेल, तर जुना डोस एकदम सुरू करायचा नसतो. रक्तदाब कोसळू शकतो, फीट येऊ शकते. अगदी थोड्यापासून परत चढवत न्यावं लागतं, आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशींची तपासणी चालू ठेवावी लागते. आतल्या डॉक्टरला हे माहीत नसेल असं नाही, पण शेवटची गोळी कोणत्या तारखेला घेतली ते घरच्यांखेरीज कोण सांगणार? लिथियम एकदम थांबलं तर आजार उसळून येतो. झोपेच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्याला त्या अचानक तुटल्या की झटके येऊ शकतात. रोजच्या गोळ्यांची खात्री नसेल तर डॉक्टरला दोन ते चार आठवड्यांनी द्यायच्या इंजेक्शनबद्दल विचारा. सगळ्यांना ते चालतं असं नाही, पण चालत असेल तर जेलमध्ये त्याच्यासारखी सोय नाही. गोळी चोरीला जात नाही, विकली जात नाही, रात्रपाळीला कोणी विसरत नाही.

आईला समजवा. वाडीत कोणाला माहीत नाही असं तिला वाटतंय. वाडीला सगळं माहीत असतं, माहीत नसतं ते जेलच्या डॉक्टरला. मानसिक आरोग्याच्या कायद्याच्या कलम २३ मध्ये आजाराची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क आहे. वकिलाला सांगून कोर्टात वैद्यकीय कागद सीलबंद पाकिटात देता येतील का तेही बघा. लग्नाचं म्हणाल तर कोयतीची केस लपत नाही, आजार लपवून काय मिळवणार?

आता वकिलांचं. 'सर्टिफिकेट काढू, सुटेल' यात तीन वेगळ्या गोष्टी एकाच टोपलीत घातल्यात. पहिली, उपचार. तो दोषी असो की निर्दोष, त्याचा हक्क आहे. दुसरी, खटला समजून घेऊन बचाव करण्याची आजची क्षमता. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ३६७ आणि ३६८ कलमांत हे आहे. डॉक्टरांच्या तपासणीनंतर कोर्टाला तो अक्षम वाटला तर खटला पुढे ढकलला जातो, संपत नाही. तिसरी, घटनेच्या क्षणी आपण काय करतोय किंवा ते चूक आहे हे कळण्याची क्षमताच नव्हती असा बचाव. तो भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ मध्ये आहे, पूर्वीचं आयपीसी ८४. इथे नुसतं निदान पुरत नाही, त्या वेळची अवस्था आरोपीलाच दाखवावी लागते. आणि त्यावर निर्दोष सुटला तरी माणूस थेट घरी येईलच असं नाही. कोर्ट त्याला सुरक्षित ठिकाणी ठेवायला सांगू शकतं किंवा नातेवाइकाच्या ताब्यात देऊ शकतं.

वकील अगदीच चूक आहेत असंही नाही. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३६९ कामाचं आहे. बचाव करायला अक्षम ठरलेल्या आरोपीला भरती करून उपचार करायची गरज नसेल आणि नातेवाईक बाह्यरुग्ण विभागात नियमित नेण्याची, कोणाला इजा होऊ न देण्याची हमी देत असेल, तर गुन्हा अजामीनपात्र असला तरी जामिनावर सोडण्याची तरतूद त्यात आहे. पण तो मार्ग धरायचा तर घरी कोण सांभाळणार, गोळ्या कोण देणार, रत्नागिरीला ओपीडीत कोण नेणार, हे ठरवूनच धरा. खटला थांबलाय आणि माणूस आतच आहे, ही अवस्था सगळ्यात वाईट. आसामात मचल लालुंग नावाच्या माणसाला १९५१ मध्ये धरलं, मनोरुग्णालयात पाठवलं, १९६७ मध्ये तो बरा असल्याचं डॉक्टरांनी कळवलं, आणि सोडायच्या ऐवजी त्याला दुसऱ्या जेलमध्ये नेलं. बाहेर आला २००५ मध्ये. खटला चाललाच नव्हता. इतकं आज होणार नाही म्हणा, पण तारखांवर तारखा पडत राहणं आजही होतं. म्हणून उपचाराचा अर्ज स्वतंत्र ठेवा, बाकीच्या डावपेचांत तो अडकू देऊ नका. नियमित जामिनाचा अर्जही सोबत चालू ठेवा.

वकिलाची फी जड जात असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. कोठडीत असलेल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, १९८७ च्या विधी सेवा कायद्याने. फोन १५१००. त्यांचे विधी स्वयंसेवक कारागृहात जातात. त्यांच्यामार्फत भावाकडून साध्या कागदावर सही घ्या की माझी बहीण माझी नामनिर्देशित प्रतिनिधी. मानसिक आरोग्याच्या कायद्याच्या कलम १४ मध्ये ही सोय आहे. मग उपचाराबद्दल तुम्हाला माहिती द्यायला डॉक्टरला अडचण राहत नाही.

मनोरुग्णालयात हलवण्याबद्दल विचारलंत. राज्यात चार प्रादेशिक मनोरुग्णालयं: पुणे, ठाणे, नागपूर आणि आपलं रत्नागिरी. तुमचं नशीब एवढं की जेल आणि मनोरुग्णालय एकाच गावात. अलिबागच्या हिराकोट जेलमधल्या कैद्याला ठाण्याकडे न्यावं लागतं आणि सावंतवाडीच्याला रत्नागिरीपर्यंत हायवेचा प्रवास. भरतीसाठी जेलच्या डॉक्टरचा अहवाल आणि कोर्टाचा आदेश किंवा बोर्डाची पूर्वपरवानगी लागेल. भरती झाली तर तिथल्या डॉक्टरने दर सहा महिन्यांनी त्याच्या प्रकृतीचा अहवाल आदेश देणाऱ्याला पाठवायचा असतो, तो जातोय का हे वकिलाला बघायला सांगा. पण प्रत्येकाला भरती लागत नाही. गोळ्या वेळेवर, महिन्यातून एकदा तज्ज्ञाची तपासणी, एवढ्यावर बरेच जण आतही नीट राहतात.

नुसत्या तपासणीला नेण्यातली खरी अडचण गार्डची. पोलीस मुख्यालयातून गार्ड मिळाला तर तपासणी, नाहीतर पुढची तारीख. गणपतीत, शिमग्यात, निवडणुकीत सगळा फौजफाटा बंदोबस्ताला, मग मनोविकाराची तपासणी पहिली मागे पडते. मोडलेला हात दिसतो, हे दिसत नाही. मी बघितलेत असे पेशंट, ज्यांची तारीख चतुर्थीच्या आठवड्यात पडली आणि थेट दसऱ्यानंतर आले, तोवर बोलणंच बंद झालेलं. त्यामुळे अर्जात व्हिडिओ कॉलवर तपासणीचा पर्याय मागा. सणाच्या आधीची तारीख मागा.

मुलाखतीची मिनिटं थोडी असतात, ती केसवर घालवू नका. झोप लागते का, जेवतोस का, गोळी कोण देतं, किती रंगाच्या, हे विचारा. बघत राहा. मागच्या वेळचाच शर्ट आहे का, हात थरथरतो का, मान आखडल्यासारखी आहे का, लाळ गळते का, जेवणात कोणी काही घालतं म्हणतोय का, बाजूच्या रिकाम्या जागेकडे बघतोय का. घरी आलात की तारीख घालून वहीत लिहा. आमच्याकडे एका आईची अशी वही होती, शाळेच्या दुरेघी वहीत, 'आज अंघोळ नाही, डोळे लाल, दोनदा तेच विचारलं' इतकंच. आमच्या डॉक्टरांनी तिच्यावरून डोस बदलला होता.

आणि तो कधी म्हणाला की आता जगावंसं वाटत नाही, किंवा एकदम निरवानिरवीची भाषा करू लागला, तर घरी येऊन रडत बसू नका. तिथेच ड्युटीवरच्या तुरुंगाधिकाऱ्याला सांगा आणि त्याच दिवशी अधीक्षकांना लेखी द्या. आत गेल्यानंतरचे पहिले आठवडे, जामीन फेटाळलेला दिवस, घरचं कोणी आलं नाही तो काळ, हे जास्त नाजूक. त्याला 'सुरक्षेसाठी' एकटं कोठडीत ठेवतो म्हणाले तर डॉक्टरचं मत मागा, एकटेपणाने कानात येणारे भासाचे आवाज वाढतात. तुमचा स्वतःचा जीव मेटाकुटीला आला तर १४४१६ वर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी एक. रोज पिणाऱ्याला अटक झाली तर दारू एकदम तुटते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कापरं, भास, झटके येतात. लोक म्हणतात नाटक करतोय, भूत लागलंय. हा जिवावरचा आजार आहे. पोलीस कोठडीतच वैद्यकीय तपासणीच्या वेळी डॉक्टरला सांगा की हा रोज पितो, शेवटची कधी प्याला. बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने तिथल्या मध्यवर्ती कारागृहात पाच हजारांवर कैदी तपासले होते. व्यसनं बाजूला ठेवूनही चारांत एकापेक्षा जास्त जणांना मानसिक आजार निघाला. तेव्हा ताई, तुमचा भाऊ बराकीत एकटा नाही.

काकांना म्हणावं कौल लावा, गाऱ्हाणं घाला, आमची हरकत नाही. पण पोच घेतलेला अर्ज आधी.

जामीन झाला तर सुटका बहुतेक संध्याकाळी, घाईत होते. जेलच्या दवाखान्यातून चालू औषधांची चिठ्ठी घ्यायला कोणाच्या लक्षात राहत नाही. ती मागून घ्या, आठवड्याभराच्या गोळ्या आधीच आणून ठेवा, आणि त्या आठवड्यातच ओपीडी गाठा. गडग्याच्या बाजूला त्याला काही महिने जाऊ देऊ नका, चुलत्यांशी बोलणी दुसऱ्या कोणीतरी करावीत.

पुढची तारीख कधी आहे आणि चिठ्ठीवर कुठली औषधं आहेत तेवढं लिहा, अर्जात काय काय घालायचं ते सांगतो. क्लोझापीन असेल तर माझ्या उत्तराची वाट न बघता आजच वकिलाला फोन करा.