जुन्या ट्रॅव्हल ट्रेलरमधले (गाडीमागे ओढायच्या चाकांवरच्या घरातले) बल्ब काढून एलईडी लावायचे तर वायरिंग बदलावं लागेल का?

नाही, वायरिंगला हात लावू नका. अमेरिकेतल्या बऱ्याच जुन्या ट्रेलरांत छताला १२ व्होल्टचे ९२१ नंबरचे बल्ब असतात. एकेक जवळपास १८ वॅट खातो, वर प्लास्टिकचं कव्हर तापवतो ते वेगळंच. त्याच सॉकेटमध्ये बसणारा एलईडी २-३ वॅटांत भागवतो. फक्त '१० ते ३० व्होल्ट' लिहिलेलाच घ्या. बॅटरीचं चार्जिंग चालू असताना लाइन १४ व्होल्टपर्यंत चढते, आणि नुसते '१२ व्होल्ट'वाले स्वस्त एलईडी तिथेच लुकलुकून जातात. पेटला नाही तर उलटा फिरवून बसवा, काहींना प्लस-मायनस जुळावं लागतं. रंग २७०० ते ३००० केल्विन, म्हणजे पिवळसर उजेडाचा घ्या, पांढऱ्याफेक उजेडात दवाखान्यात झोपल्यासारखं वाटतं. बल्ब काढण्याआधी बॅटरी सोडवा, बाहेरून घेतलेली वीजही बंद करा. फ्यूज आहे तेवढ्याच अँपिअरचा ठेवा.