चार दिवसांचा आठवडा नीट बसवायचा असेल तर आखणी कशी करावी?

तुम्ही लिहिलंय की कंपनी पाचऐवजी चार दिवसांचा आठवडा करून बघायला तयार आहे, सात जणांच्या टीमचा आराखडा तुम्हालाच करायला सांगितलाय, आणि तुम्ही दोन प्रश्नांवर अडला आहात. रोज दहा तास काम करून चाळीस तास भरावेत का? आणि सुट्टी बुधवारी घ्यावी की शुक्रवारी? मी तीन वर्षं चार दिवस काम करते आहे. त्यातले पहिले पाच महिने आमची पद्धत साफ चुकली होती, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

रोज दहा तास, हे शक्य असेल तर टाळाच. आम्ही तिथूनच सुरुवात केली होती, कारण कागदावर ते सगळ्यांच्या सोयीचं दिसतं. पगार तोच, तास तेच, कुणालाच काही सोडावं लागत नाही. दोन आठवडे उत्साहात गेले. मग लक्षात यायला लागलं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी संध्याकाळी केलेलं काम दुसऱ्या दिवशी सकाळी निस्तरावं लागतंय. मी घरी पोचायचे तेव्हा मुलगी झोपायच्या बेतात असायची. चार दिवस मी घरात नसल्यासारखीच, आणि पाचव्या दिवशी दुपारपर्यंत अंथरुणात. ज्या जगण्यासाठी हा सगळा खटाटोप केला, तेच हातातून निसटत होतं. ज्यांचा येण्याजाण्याचा प्रवास फार लांबचा आहे त्यांना मात्र ही पद्धत मानवते असं मी पाहिलंय. एक फेरी वाचते आणि तो फायदा खरा असतो.

खरं तर ‘चार दिवसांचा आठवडा’ या एकाच नावाखाली निरनिराळ्या गोष्टी खपतात. बेल्जियमने २०२२ मध्ये कामगारांना पूर्ण आठवड्याचे तास चार दिवसांत भरण्याची मागणी करण्याचा हक्क दिला. तिथे वार कमी झाले, तास तेवढेच. आइसलँडमध्ये २०१५ ते २०१९ या काळात सुमारे अडीच हजार कर्मचाऱ्यांवर जे प्रयोग झाले, त्यांत नेमकं उलट होतं. आठवडा चाळीस तासांवरून पस्तीस-छत्तीस तासांवर आणला, पगार कापला नाही. बातम्यांमध्ये त्याला सर्रास चार दिवसांचा आठवडा म्हटलं गेलं, पण बहुतेकांना मिळाला तो रोज थोडा लवकर सुटणारा दिवस किंवा मधूनमधून एखादी जादा सुट्टी. तेव्हा वरिष्ठांशी बोलताना पहिल्याच वाक्यात स्पष्ट करून घ्या की कमी काय होणार आहे, वार की तास. आमच्याकडे हे कुणी विचारलंच नव्हतं. मॅनेजरच्या डोक्यात एक होतं, आमच्या डोक्यात दुसरं.

तास बत्तीसवर आणायचे असतील तर आठ तासांचं काम कुठून तरी जायला हवं. इथेच बहुतेक आराखडे फसतात. सुट्टीचा वार ठरतो, कॅलेंडरवर रंग भरला जातो, आणि काम मात्र पूर्वीइतकंच राहतं. मग माणसं जेवणाची सुट्टी सोडतात, रात्री लॅपटॉप उघडतात.

आमची गाडी रुळावर आली ती एका साध्या वहीमुळे. दोन आठवडे प्रत्येकाने दर अर्ध्या तासाने एक ओळ लिहायची: आत्ता काय केलं, कुणासाठी केलं. ती वही वरिष्ठांना दाखवायची नाही, हे आधीच कबूल केलं होतं. नाहीतर लोक खरं लिहीत नाहीत. त्यातून बरंच बाहेर आलं. दर सोमवारी एक सहकारी तीन तास खपून जो अहवाल पाठवत होता, तो ज्यांना जात होता त्यांच्यापैकी कुणीच उघडत नव्हतं. आठवड्याची आढावा मीटिंग दीड तासाची होती आणि त्यात एका वेळी दोघंच बोलायचे, बाकीचे आपली पाळी यायची वाट बघायचे. सगळ्यात जास्त वेळ जात होता मंजुरीची वाट पाहण्यात. लहानसहान गोष्टींवर सही एकाच माणसाची लागायची आणि तो माणूस दिवसभर मीटिंगमध्ये. आम्ही अहवाल बंद केला, आढावा लेखी केला आणि छोट्या मंजुऱ्या टीममधल्याच दोघांकडे दिल्या. आठपैकी जवळजवळ पाच तास एवढ्यावरच सुटले.

उरलेले तास मिळाले ते शांत सकाळीमुळे. दहा ते एक या वेळात मीटिंग नाही, चॅट बंद, फोन फक्त त्या दिवशी ज्याच्याकडे जबाबदारी असेल त्याने घ्यायचा. एका कामातून दुसऱ्या कामाकडे वळताना मनाचा काही भाग मागच्याच कामात रेंगाळतो. सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये त्यावर संशोधन प्रसिद्ध केलं होतं. आम्हाला ते वाचून नाही, अनुभवाने पटलं. जे पत्रक तयार करायला पूर्वी अख्खा दिवस लागायचा, ते सलग तीन तासांत होऊ लागलं.

तुमचे वरिष्ठ कदाचित मायक्रोसॉफ्ट जपानचं उदाहरण देतील. ऑगस्ट २०१९ मध्ये त्यांनी सगळे शुक्रवार सुट्टीचे केले आणि आधीच्या ऑगस्टच्या तुलनेत दर कर्मचाऱ्यामागची विक्री सुमारे चाळीस टक्क्यांनी वाढल्याचं जाहीर केलं. एका महिन्याच्या आकड्यावर मी फार भिस्त ठेवणार नाही. पण त्यांनी त्याच वेळी मीटिंगवर अर्ध्या तासाची मर्यादा घातली होती, ते मात्र जरूर उचला. ब्रिटनमधला २०२२ चा प्रयोग मला जास्त भरवशाचा वाटतो: ६१ संस्था, सुमारे २९०० कर्मचारी, सहा महिने, पूर्ण पगार. शेवटी ५६ संस्थांनी तो पुढे चालू ठेवला. अर्थात या संस्था स्वतःहून पुढे आल्या होत्या, म्हणजे मनाची तयारी आधीपासूनच होती. हेही वरिष्ठांना सांगून टाका, म्हणजे नंतर कुणी तोंडावर फेकणार नाही.

आता वार. तुमच्याकडे ग्राहकांचे फोन पाचही दिवस येतात असं तुम्ही लिहिलंय, तेव्हा सगळ्यांना एकच सुट्टी देता येणार नाही. दोन गट करा, एकाला बुधवार, दुसऱ्याला शुक्रवार. सोमवार, मंगळवार आणि गुरुवारी सगळे हजर, म्हणजे एकत्र बसायची कामं त्या तीन दिवसांत उरकतात. शुक्रवारवाल्यांना सलग तीन दिवस मिळतात; गावाला जायचं असेल, घरातलं एखादं मोठं काम काढायचं असेल तर तेच बरं. बुधवारवाल्यांना दोन दिवसांपेक्षा जास्त सलग काम कधीच पडत नाही. ज्यांच्या घरी आजारी माणूस किंवा लहान मूल आहे, किंवा ज्यांचं काम डोकं शिणवणारं आहे, त्यांना बुधवार लाभतो. मी बुधवारच घेते. पण बुधवार राखणं अवघड आहे हे आधीच सांगते, कारण त्या दिवशी बाकीचं जग कामावर असतं आणि ‘फक्त दोन मिनिटं’ म्हणून फोन येतात.

त्यावर आम्ही जोड्या लावल्या. बुधवार गटातल्या प्रत्येकाची शुक्रवार गटातल्या एकाशी जोडी, आणि दोघांना एकमेकांचं चालू काम ठाऊक असलंच पाहिजे. सुट्टीच्या आदल्या दिवशी शेवटची वीस मिनिटं जोडीदारासाठी टिपण लिहायचं: काय अर्धवट आहे, कुणाचा फोन येऊ शकतो, फाइल कुठे आहे. तुम्ही सात आहात, म्हणजे एक तिघांची टोळी होईल. तिच्याकडे ग्राहकसेवा द्या, तिथे माणूस जास्त लागतो. आणि तातडीचं म्हणजे काय ते लिहूनच ठेवा. आमच्याकडे ग्राहकाचं काम पूर्ण ठप्प असेल तरच सुट्टीवरच्या माणसाला फोन करायचा. मेसेज टाकायचा नाही, फोनच करायचा. फोन करायला माणूस जरा विचार करतो. वार दर आठवड्याला बदलू नका; घरच्यांना कायमचा वार कळला तरच ते त्यावर काही ठरवू शकतात. अदलाबदल तीन महिन्यांनी करा.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण मला तीच सगळ्यात कळकळीने सांगायची आहे. माझा बुधवार पहिल्या वर्षी घरकामाने खाल्ला. मी घरी आहे म्हटल्यावर बँकेचं काम माझ्याकडे, दुरुस्तीवाला आला की दार उघडायला मी, सासूबाईंची तपासणी बुधवारीच. कुणी मुद्दाम केलं नाही. मोकळा वेळ दिसला की कामं तिकडेच वाहत जातात, आणि बायकांच्या बाबतीत जास्तच. माझ्या नवऱ्यालाही त्याच्या नोकरीत अशी सुट्टी मिळाली असती तर ती ‘विश्रांतीची’ ठरली असती, हे मी त्याला एकदा शांतपणे म्हणाले. तो बराच वेळ काही बोलला नाही. नंतर आम्ही दोघांनी बसून ठरवलं की बुधवारी दुपारी एकपर्यंत घरची कामं, त्यातली निम्मी त्याने शनिवारी करायची, आणि एकनंतरचा वेळ माझा. त्या वेळात मी पोहायला जाते. कधी नुसती बसून राहते. टीममधल्या प्रत्येकाने घरी असं बोलावं, एवढं तुम्ही पहिल्याच बैठकीत सुचवा. नियम करू नका, नुसतं सुचवा.

वरिष्ठांकडे जाताना सहा महिन्यांची चाचणी मागा. त्याआधी एक महिन्याचे आकडे काढून ठेवा, नाहीतर नंतर तुलना कशाशी करणार? ग्राहकाला उत्तर मिळायला किती वेळ लागतो, किती कामं मुदतीत होतात, किती चुका परत येतात, किती आजारपणाच्या रजा पडतात. चारच आकडे पुरेत. आठवड्यात सार्वजनिक सुट्टी आली तर जादा सुट्टी राहते की जाते, वार्षिक रजा कशी मोजायची, याची उत्तरं आधीच लेखी घ्या. आमच्याकडे सगळ्यात मोठं भांडण सार्वजनिक सुट्टीवरून झालं होतं. आणि टीममध्ये कुणी आधीपासूनच कमी पगारावर चार दिवस काम करत असेल तर तिचा विचार सर्वांत आधी करा. बाकीच्यांना पूर्ण पगारात तेच मिळणार असेल तर तिचा पगारही वाढायला हवा. आमच्या टीममध्ये अशी एक मुलगी होती, आणि हे कुणाच्या लक्षात यायच्या आतच तिने राजीनामा दिला होता.