शब्दामागे दराने फ्रीलान्स लेखन करते, काम भरपूर आहे पण महिनाअखेर हाती काही उरत नाही. दर कसा ठरवावा आणि चांगले पैसे देणारे क्लायंट कुठे मिळतात?

काम भरपूर आहे आणि तरीही भागत नाही, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे लेखनात खोट नाही. दर चुकीच्या पद्धतीने ठरलाय आणि बहुधा क्लायंटही चुकीच्या गटातले आहेत. दोन्ही बदलता येतं, पण आधी आकडेमोड करा.

वर्षाचे ५२ आठवडे, आठवड्याचे ५ दिवस, म्हणजे २६० दिवस. सुट्ट्या, आजारपण, घरच्या अडीअडचणी वजा करून २२० धरा. दिवसाला आठ तास बसलात तरी ज्याचे पैसे लावता येतात असे तास चारच धरा; बाकीचे मेल, फोन, नवं काम शोधणं, बिलं आणि थकलेल्या पैशांचा पाठपुरावा यात जातात. झाले ८८० तास. आता वर्षभराचा घरखर्च, कर, विमा, लॅपटॉप-इंटरनेट आणि थोडी बचत यांची बेरीज करून तिला ८८० ने भागा. येईल तो तुमचा तासाचा किमान दर. बरेच जण नोकरीतल्यासारखे २६० गुणिले ८, म्हणजे २०८० तास धरतात आणि मग दर निम्म्याहूनही खाली येतो.

हा आकडा क्लायंटला सांगायचा नाही, तो तुमच्या वहीत राहू दे. तासावर बिल लावलंत तर अनुभवाने तुमचा हात जसजसा वेगाने चालेल तसतसे त्याच कामाचे पैसे कमीच मिळतील, ही कसली बढती? सांगायची ती पूर्ण कामाची रक्कम.

शब्दांचा दर का फसवतो ते एका लेखावर पाहा. हजार शब्दांचा लेख, विषय नवा. वाचन दोन तास, मुलाखत आणि टिपणं दीड तास, लेखन तीन तास, स्वतःचं संपादन एक तास, क्लायंटच्या सुधारणा आणखी एक तास. एकूण साडेआठ. तेवढ्याच शब्दांचा ओळखीच्या विषयावरचा लेख चार तासांत हातावेगळा होतो. शब्दामागे दर घेतलात तर दोन्हींचे पैसे सारखेच, म्हणजे पहिल्या लेखात तुमच्या तासाची किंमत निम्म्याहून कमी. जाहिरातीच्या एका ओळीचं तर बोलायलाच नको; आठ शब्दांसाठी दोन दिवस जातात.

रक्कम कळवताना त्यात काय धरलंय ते लिहूनच द्या. माझा मजकूर साधारण असा असतो: ‘लेख १००० शब्दांपर्यंत. एक मुलाखत आणि दोन वेळा सुधारणा यात धरल्या आहेत. मसुदा दिल्यावर विषय किंवा मांडणी बदलल्यास वेगळा खर्च. निम्मी रक्कम काम सुरू करण्याआधी, उरलेली पहिला मसुदा दिल्यापासून १५ दिवसांत.’ यातलं ‘मसुदा दिल्यापासून’ सोडू नका. ‘मंजुरीनंतर’ किंवा ‘प्रसिद्ध झाल्यावर’ लिहिलंत की पैसे कधी मिळणार ते तुमच्या हातात राहत नाही. साहेब रजेवर गेले तरी तुमचं बिल अडकतं. समोरच्याने घासाघीस केली तर काम कमी करा, दर नको. मुलाखत वगळू, शब्द ६०० करू, असं म्हणा. काम तेवढंच ठेवून रक्कम उतरवलीत की पहिला आकडा फुगवलेला होता असाच समज होतो.

आता क्लायंट. जाहिरातींच्या क्लिकवर चालणाऱ्या साइटला एका लेखातून मिळतंच थोडं, मग ती तुम्हाला जास्त देणार कुठून? तिथे कितीही चांगलं लिहा, वरची मर्यादा ठरलेली. याउलट रुग्णालयांना यंत्रं विकणारी किंवा हिशेबाचं सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी घ्या. तिची एक विक्रीच मोठी असते. एखाद्या केस स्टडीमुळे, म्हणजे आधीच्या ग्राहकाला उत्पादनाचा कसा उपयोग झाला त्याच्या हकिगतीमुळे, एक ग्राहक जरी आला तरी तुमचं मानधन वसूल होतं. केस स्टडी, व्हाइट पेपर (एखाद्या विषयावरचा सविस्तर माहितीपर अहवाल), वार्षिक अहवाल, उत्पादनाची माहितीपुस्तिका, निधीसाठीचे प्रस्ताव, वरिष्ठांसाठीचं घोस्टरायटिंग (त्यांच्या नावाने लिहून देणं): पैसा या कंटाळवाण्या वाटणाऱ्या कामांत आहे. घोस्टरायटिंगला जास्त मागा, कारण त्यावर तुमचं नाव नसतं आणि पुढच्या क्लायंटला ते दाखवताही येत नाही.

क्षेत्र निवडताना आपलं शिक्षण आणि जुनी नोकरी बघा. प्रयोगशाळेत, बँकेत किंवा शाळेत काम केलेल्या माणसाला तिथली भाषा आणि तिथल्या चुका माहीत असतात, ते दुसऱ्याला वाचून येत नाही. त्या क्षेत्रातले तीन नमुने स्वतःच लिहून ठेवा. मग कंपनीच्या सामायिक पत्त्यावर न पाठवता मार्केटिंग सांभाळणाऱ्या व्यक्तीला चार ओळींचं पत्र लिहा: तुमच्या अमुक उत्पादनाच्या पानावर ग्राहकाला पडणाऱ्या अमुक प्रश्नाचं उत्तर नाही, मी ते असं लिहीन, हा नमुना. फुकटात पूर्ण चाचणी लेख मात्र देऊ नका. चाचणीचेही पैसे घ्या.

वेबसाइट बनवणारे आणि डिझायनर यांच्याशी ओळख वाढवा. मजकूर आला नाही म्हणून त्यांची कामं कायम रखडलेली असतात. तसंच, ज्यांच्यासोबत काम केलंत ते संपादक नोकरी बदलतात तेव्हा त्यांना आवर्जून पत्र टाका. नव्या जागी त्यांना भरवशाचा लेखक हवाच असतो.

जुन्या क्लायंटना एकदम नवा दर सांगू नका. आधी नव्यांकडून तो घ्या, दोन-तीन जणांनी दिला की सर्वांत कमी देणाऱ्या जुन्याला महिनाभर आधी कळवा. तो गेला तरी मोकळे झालेले तास भरायला काम हाताशी असेल. तुमचं शिक्षण किंवा आधीची नोकरी कोणत्या क्षेत्रातली ते प्रतिसादात लिहा, नमुन्यांसाठी विषय सुचवेन.